मधल्या बोटातलं अंगुस्तान

ईश्वरी माईणकरचं भाषण घासूनपुसून लख्ख झालेलं होतं. सांगलीची मुलगी, मिरजेला शिकली, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आली आणि 'बाईमाणूस काय ऑपरेशन करणार' म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून सर्जन म्हणून उभी राहिली. एवढीच गोष्ट, पण ती सांगावी तर ईश्वरीनेच. पोरी कुठे हसतात, मागच्या रांगेतले प्राध्यापक कुठल्या वाक्याला डुलकीतून जागे होतात, हे तिला पाठ होतं. म्हणून चामराजपुरमच्या मुलींच्या कॉलेजातून 'सर्जन व्हायचंय?' या विषयावर बोलायला या, असा फोन आला तेव्हा तिने मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं.

निमंत्रण मागाहून मोबाइलवर आलं. भाषणाला जोडून औषधी वनस्पतींच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि खाली चित्रकाराचं नाव होतं, जानकीबाई खंडोजीराव. ते वाचलं आणि ईश्वरीने मोबाइल पालथा ठेवला.

या जानकीबाईंचा उजवा हात तिने कापला होता.

ताप आलाय, इमर्जन्सी आलीय, पाहुणे आलेत, अशी सगळी खोटी कारणं तिने मनातल्या मनात चाखून पाहिली. एकही गळ्याखाली उतरेना. आज टाळलं तर पुढे जन्मभर त्या नावाला चुकवत हिंडावं लागणार, आणि म्हैसूर काही तेवढं मोठं गाव नाही. शेवटी शनिवारी दुपारी चांगली इस्त्रीची साडी नेसून ती गेली.

कॉलेजच्या फाटकाशीच एक मुलगी उभी होती. केसांत मोगरा, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, चेहऱ्यावर उत्साह नुसता सांडत होता.

"मॅडम, मी वर्षिणी. जानकीबाईंची नात. मीच तुम्हाला फोन केले होते." मराठी बोलताना ती एकेक शब्द शोधून आणत होती. "अज्जीच म्हणाली, बोलवायचं असेल तर त्याच डॉक्टरम्माला बोलव. दुसरं कोणी बेडा, नको."

"का गं?"

"गोत्तिल्ला, माहीत नाही मॅडम. अज्जी काही सांगत नाही. तिला तुमच्याशी काहीतरी विचारायचंय म्हणे."

ईश्वरीने पदर सारखा केला. विचारायचंय म्हणजे 'हात का कापलात', हे तिला न सांगता कळलं होतं. तिचं चुकलं एवढंच की ते अर्धंच होतं.

सभागृह जुनं, उंच छताचं. डाव्या भिंतीवर जानकीबाईंचं पूर्वीचं काम लावलं होतं, सगळं सुईदोऱ्याचं. हे घराणं मराठी शिंप्यांचं, विठ्ठलाच्या भक्तीतलं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. खंडोजीराव कोट शिवायचे आणि जानकीबाई ब्लाउजांवर भरतकाम करायच्या. गिऱ्हाईक मोर नाहीतर कमळ मागायचं. बाईंना त्या दोघांचा भारी कंटाळा. मग उरल्यासुरल्या कापडावर त्या आपल्या हौसेने अडुळसा भरायच्या, ब्राह्मी भरायच्या, माक्याचं बारकं पांढरं फूल भरायच्या. अडुळशाच्या पानावरची शीर इतकी खरी होती की ईश्वरीचं बोट आपसूक तिकडे गेलं आणि तिने ते मागे घेतलं.

उजवी भिंत मात्र हात गेल्यानंतरची होती. तिथे सुई नव्हती, रंग होते, डाव्या हाताने लावलेले. मोठमोठी चित्रं, काचेच्या चौकटीत. पान नाही, फूल नाही. झाडाचा बुंधा वरच्या काठाशी जेमतेम दिसायचा आणि बाकी सगळी माती, काळी, ओली, खोल. त्या मातीत मुळं. शतावरीची, अश्वगंधेची, सर्पगंधेची, अनंतमुळाची. शतावरीच्या झुबक्यातली लांबट मुळं तर सरळसरळ बोटंच होती.

"ही मुळं का?" ईश्वरीने विचारलं.

"अज्जी म्हणते, वरचं मला आता दिसत नाही, खालचंच दिसतं." वर्षिणी हसली. "सगळ्यांना हीच जास्ती आवडतात. पण मॅडम, मला भीती वाटते. मी ही घरात लावू देत नाही."

ईश्वरी शतावरीच्या चित्राशी वाकली. झुबक्यातल्या मधल्या मुळाला काहीतरी चढवलेलं होतं. पिवळसर, रुंद, खळ्याखळ्यांचं कडं. मूळ त्यात आवळून दोन्ही बाजूंनी फुगलं होतं आणि त्याचं टोक कड्यातून पुढे आलं होतं. ती दुसऱ्या चित्राकडे गेली. तिथेही मधल्या मुळाला तेच. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. त्या भिंतीवरचं एकही चित्र त्यातून सुटलं नव्हतं.

"हे काय आहे गं?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मी पण विचारले. अज्जी म्हणते, मला काय माहीत, तिथे ते आहे म्हणून काढते."

ईश्वरीला ते काय आहे ते माहीत होतं. शिंपी बोटाला सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान होतं, आणि नुसतं कुठलंही अंगुस्तान नव्हतं. बायका वापरतात ते टोपीसारखं, वरून बंद. पुरुष शिंप्यांचं वरून उघडं, बोटाचं टोक मोकळं ठेवणारं. चित्रातलं उघडं होतं. ते तिने एकदाच, अगदी जवळून पाहिलं होतं, आणि ज्या माणसाबरोबर पाहिलं होतं तो माणूस आता जिवंत नव्हता. 

झालं होतं ते असं. पाचेक वर्षांपूर्वी गावाबाहेर बेळगोळच्या बाजूला शतावरी उकरताना जानकीबाईंच्या तळव्यात काटा गेला. साखरेचं दुखणं अंगात होतंच. काटा काढला, त्यावर कसलासा पाला बांधला, आणि दवाखान्यात आणलं तेव्हा हात कोपरापर्यंत काळानिळा पडून वास सुटला होता. विष वर चढत होतं. हात काढायचा की जीव घालवायचा, एवढाच प्रश्न उरला होता, आणि खंडोजीरावांनी सही केली होती. दुसऱ्या कुठल्याही सर्जनने तेच केलं असतं. याबद्दल ईश्वरीला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नव्हती. पण शंका नसली म्हणून माणसाचा पिच्छा सुटतो असं नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर जानकीबाई तापात बडबडत होत्या. भोवती सगळे कन्नड बोलणारे आणि बाई बोलत होत्या मराठी. "हात नको गं काढू. जीव घे माझा. हात ठेव." ते तिथे एकट्या ईश्वरीला कळत होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात या? ईश्वरी म्हणाली, भीती वाटते म्हणतात. मग ती बाईंच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नका, मी आहे ना." आणि तिने हात कापला.

हात अंगाला असतो तोवर त्याचं वजन कोणाला जाणवत नाही. कापल्यावर ईश्वरीने तो स्वतः उचलला होता, हिरव्या कापडात गुंडाळून, कारण खंडोजीरावांनी तो मागितला होता. "आमच्यात असं टाकत नाहीत, डॉक्टरम्मा. माझ्याजवळ द्या." शेजारच्या खोलीत तिने तो त्यांच्यापुढे ठेवला. त्या वाळक्या, नीटनेटक्या म्हाताऱ्याने कापड उलगडलं. आपल्या बोटातलं अंगुस्तान काढलं. ते त्यांच्या बोटात सदाच असायचं, जेवतानासुद्धा असायचं म्हणे. मग त्यांनी बायकोचं सुजलेलं मधलं बोट आपल्या ओठांना लावलं आणि अंगुस्तान त्यावर चढवायला लागले.

"सुजलंय ते. चढायचं नाही," ईश्वरी म्हणाली.

"चढतं," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी पिळून पिळून त्यांनी ते चढवलंच. त्यांच्या घराण्यात अशी रीत होती. शिवणारं माणूस गेलं की त्याच्या बोटात अंगुस्तान घालून पाठवायचं, वाटेत सुई टोचू नये म्हणून. आयुष्यभर शिवलेल्या हाताला त्यांनी तोच मान दिला. मग बन्नीमंटपाच्या पलीकडे समाजाची जागा आहे तिथे नेऊन तो हात पुरला.

पुढच्याच आठवड्यात ते ईश्वरीच्या दवाखान्यात येऊन बसले. तोंड पांढरं पडलेलं. "चूक झाली नोडी, बघा डॉक्टरम्मा. अंगुस्तान मेलेल्याला घालतात. मी जित्या बायकोला घातलं. माझ्या हातानं मी तिला मेलेली केली." ईश्वरीने समजूत घातली, रक्तदाब मोजला, पाणी दिलं. ते ऐकत नव्हते. "तिला सांगू नका. आमच्यातली आहे, तिला लगेच अर्थ कळेल, भिऊन मरेल. मला वचन द्या." तिने दिलं. वचनच काय, म्हातारा शांत होणार असता तर तिने तेव्हा काहीही दिलं असतं. उठताना ते जरा हसले. "एक बरं झालं. तिचं नव्हतं, माझं होतं. म्हणजे आता जायची पाळी माझी." आणि पुढच्या वर्षी दुकानात, मशीनवर बसल्याबसल्या ते गेले.

या गोष्टी ईश्वरीने कुणाला सांगितल्या नव्हत्या. भाषणात तर त्यांना जागाच नव्हती. फक्त कधीकधी, काही कारण नसताना, भाजी चिरताना, गाडी चालवताना, तिच्या डाव्या हातावर ते हिरव्या कापडातलं वजन येऊन बसायचं. आताही येऊन बसलं होतं.

पहिल्या रांगेत जानकीबाई होत्या. जांभळं इरकल, मोठं कुंकू, उजव्या बाजूला पदर खाली ओढून घेतलेला. खंडोजीराव गेले तरी त्यांनी कुंकू पुसलेलं दिसत नव्हतं. ईश्वरीने वाकून नमस्कार केला. बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं आणि "बोला, बोला, मागून बोलू," एवढंच म्हणाल्या.

ईश्वरी बोलली. कन्नडमध्ये बोलली, मधून इंग्रजीत बोलली. हशा यायचा तिथे आला, टाळ्या पडायच्या तिथे पडल्या. बोलता बोलता तिचे डोळे सारखे उजव्या भिंतीकडे जात होते, आणि ते वजन डाव्या हातावरून हलत नव्हतं. एक वाक्य तिने दोनदा म्हटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग प्रश्न. एका मुलीने विचारलं, रक्ताची भीती जाते का? दुसरीने विचारलं, सासरचे परवानगी देतात का? त्यावर पुन्हा हशा. आणि पहिल्या रांगेतून डावा हात वर झाला.

जानकीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मराठीत सुरुवात केली. सभागृहात ती भाषा कळणारं ईश्वरी सोडून कुणी नव्हतं. वर्षिणी बाहेर कॉफीच्या गडबडीत होती. पोरींना वाटलं, अज्जी डॉक्टरांचं कौतुक करतायत. त्या कौतुकाने बघत होत्या.

"डॉक्टरम्मा, तुम्ही कापलात तो हात अजून दुखतो. सगळा नाही. मधलं बोट. त्यात कुणाचं तरी अंगुस्तान बसलंय. आवळतं. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका."

ईश्वरीने माइक जवळ घेतला. "होतं असं, जानकीबाई. हात गेला तरी मेंदूला तो आहे असंच वाटत राहतं. त्यामुळे..."

"ते सगळं सांगितलं की हो मला. गोळ्या खाल्ल्या, शॉक घेतले. हात आठवतो, सरी, आठवू दे. अंगुस्तान कशाला आठवतं?" त्यांनी कमरेच्या बटव्यातून आपलं अंगुस्तान काढून दाखवलं, टोपीचं, बंद डोक्याचं. "हे माझं. हे तर माझ्यापाशी आहे. आणि मत्ते, तिथलं माझ्यासारखं नाही. उघड्या डोक्याचं आहे, पुरुषांचं. माझ्या बोटाच्या टोकाला माती लागते, गार. आणि मधे आवळतं."

ईश्वरीने माइक खाली घेतला.

"यांना विचारलं होतं मी, हातासोबत काही ठेवलात का? इल्ला, नाही म्हणाले आणि उठून गेले. माझ्याकडे बघितलं नाहीत. आता ते पण गेले. तुम्ही तेवढ्या राहिलात." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "एक तर काय ते सांगा. काहीच नसेल, मला खूळच लागलं असेल, तर अजून वर कापा. खांद्यापातूर कापा. तुमच्याच हातानं कापा. साकु, पुरे झालं मला."

त्या खाली बसल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

प्राचार्यांनी आभार मानले, शाल घातली, फळांची टोपली दिली, फोटो काढला. त्या फोटोत ईश्वरी हसतेय. मग सगळा लोंढा व्हरांड्यात बोंडा-कॉफीकडे गेला आणि सभागृहात त्या दोघीच उरल्या.

ईश्वरीला धडधडीत माहीत होतं की वर कापून काही व्हायचं नाही. दुखणारं बोट खांद्यात नव्हतंच. आणखी कापलं की आणखी काही दुखणार, एवढंच. पण ही बाई तिच्याकडे नाही तर दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि मिळेल कुणीतरी कापणारा. उरला दुसरा रस्ता, सांगण्याचा. तिथे वचन आडवं पडलेलं. ज्याला दिलं तो माणूस मेलेला, त्याच्याकडून मोकळं करून घ्यायची सोय नाही. आणि सांगितलं तर? जितेपणी मेल्याचा मान मिळालेला हात. ही बाई त्याच घराण्यात नांदलेली. खरोखरच भिऊन अंथरूण धरलं तर?

म्हणून तिने मधला रस्ता काढला. सर्जन लोकांना मधला रस्ता फार सुचतो.

"एक उपाय आहे," ती म्हणाली. "कापायचा नाही. आरशात बघायचं. डावा हात आरशात दिसला की तो उजवा वाटतो. डोळ्यांना वाटलं की मेंदू फसतो. कधीकधी त्याने सुटका होते."

"आरसा कुठला इथं?"

ईश्वरीने इकडेतिकडे पाहिलं. मग तिने भिंतीवरून शतावरीचं चित्र उतरवलं. काळ्या मातीवरची काच खिडकीच्या उजेडात आरशासारखी झाली होती. अगदी लख्ख नव्हे, पण हात दिसण्यापुरती. तिने ते टेबलावर उभं केलं, काच डावीकडे करून, बाईंच्या छातीला एक कड टेकेल असं. उजवीकडचा थोटका भाग चित्रामागे गेला. डावा हात काचेपुढे आला.

"तुमचं अंगुस्तान या मधल्या बोटात घाला."

जानकीबाईंनी सवयीने बोट ओठांना लावून ओलं केलं. ईश्वरीने अंगुस्तान चढवलं.

"आता काचेत बघा. तिथेच बघा."

काचेत, काळ्या मातीत, शतावरीच्या मुळांमध्ये, एक उजवा हात दिसत होता. सुरकुतलेला, बांगडी घातलेला, मधल्या बोटात पितळ. बाईंनी बोटं उघडली. मातीतली बोटं उघडली.

"अय्यो देवा," जानकीबाई म्हणाल्या. "आला की गं."

ईश्वरीनेही पाहिलं. तिने हा उपाय पुस्तकात वाचला होता, एकदोघांना सांगितलाही होता. पण तो कापलेला हात पुन्हा दिसेल अशी तिच्या मनाची तयारी नव्हती. तोच हात होता. याच्या अंगठ्याखाली तीळ होता, त्याच्या नव्हता, एवढाच फरक.

"दुखतंय?"

"आवळतंय. आता तर फारच."

"मी काढते. तुम्ही काचेतून नजर हलवू नका." ईश्वरीने अंगुस्तानाला दोन बोटं लावली. काचेतही एक हात आला आणि त्याने मातीतल्या अंगुस्तानाला बोटं लावली.

"थांबा," जानकीबाई म्हणाल्या. "काढायच्या आधी सांगा. कुणाचं आहे?"

"आधी काचेत बघा," ईश्वरी म्हणाली.

"मेंदूला फसवताय. मला फसवू नका. त्या दिवशी पण फसवलात. 'मी आहे ना' म्हणालात आणि कापलात. मला सगळं ऐकू येत होतं. 'भीती वाटते' म्हणून सांगितलात तुम्ही त्यांना. मी तसं म्हटलं नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात पोरी खिदळत होत्या. ईश्वरीची बोटं अंगुस्तानावर तशीच होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो क्षण तिच्या एकटीचा आहे. या बाईने तो जसाच्या तसा जपून ठेवला होता. आता आणखी एक खोटं तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. खंडोजीरावांची तिने मनात माफी मागितली.

"खंडोजीरावांचं," ती म्हणाली. "मी समोर होते. त्यांनी आपल्या बोटातलं काढून घातलं. बोट सुजलं होतं, चढत नव्हतं. पण घातलंच."

जानकीबाई काचेतून नजर न हलवता ऐकत होत्या. ईश्वरीने राहिलेलंही सांगितलं. ते मागाहून आले, मेलेल्याला घालायचं अंगुस्तान जित्या बायकोला घातलं म्हणून हबकले, तिला सांगू नका म्हणाले, आता जायची पाळी माझी म्हणाले, हे सगळं. बोलताना तिला वाटत होतं की आता ही बाई किंचाळेल, नाहीतर टेबलावर कोसळेल.

"बोट ओठाला लावलं त्यांनी? घालायच्या आधी?"

"हो."

"लावलं?" बाईंच्या तोंडावर काहीतरी झालं. "मी तसं करायची. ओलं केलं की लगेच चढतं. तर मला ओरडायचे. उष्टं बोट कापडाला लावू नको म्हणायचे. सगळा जन्म ओरडले." त्यांनी नाक मुरडलं. "मी भिऊन मरेन म्हणाले? खुळे. मी का भिते? भिणारे तेच होते. पालीला भ्यायचे."

त्या काचेच्या आणखी जवळ झुकल्या.

"डॉक्टरम्मा, आम्ही ते किती शोधलं. दुकानात कुठंतरी हरवलं, असंच सांगायचे ते. ते गेले त्या दिवशी सगळं दुकान पालथं घातलं, मशीनखाली, चिंध्यांत. माणसं तिरडीपाशी ताटकळली. मिळालं नाही. दुसऱ्याचं घालून चालत नाही. मग तसंच पाठवलं त्यांना, उघड्या बोटानं. तेव्हापासून माझ्या मनात तेच, त्यांना टोचत असेल. वाटेत टोचत असेल." त्यांनी डोळे मिटले नाहीत. "आणि ते माझ्यापाशी होतं. माझ्याच बोटात. मी ओरडत होते, काढा, काढा म्हणून."

"जानकीबाई, नको असेल तर राहू दे. नाही काढत."

"नको कशाला? काढा. माझ्यासाठी नको. त्यांचं त्यांना जाऊ दे."

ईश्वरीने अंगुस्तान हळूहळू फिरवलं. घट्ट नव्हतंच ते, बाईंच्याच मापाचं होतं, तरी तिला ते फार घट्ट वाटलं, आणि ती एखादी शीर सांभाळावी तसं ते सांभाळून काढत राहिली. काचेत, काळ्या मातीत, तिचा हात दुसऱ्या हाताच्या बोटावरून पितळ उतरवत होता. ते निघालं.

"घ्या हो," जानकीबाई काचेकडे बघून म्हणाल्या. नवऱ्याला चहाचा कप पुढे करावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या. "घाला. आणि ओरडू नका, मी ओलं करूनच दिलंय."

काचेत कुणी आलं नाही. ईश्वरीने मात्र तिकडे पाहायचं टाळलं.

बाईंनी डाव्या हाताची बोटं उघडमीट केली. मग काचेपुढून तो हात काढून मांडीवर ठेवला.

"गेलं?" ईश्वरीने विचारलं.

"गेलं." त्यांनी उजव्या खांद्याकडे पाहिलं. "सगळंच गेलं. बोट गेलं, हात गेला. ती माती लागायची, ती पण नाही. काहीच नाही तिथं." आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, तोंड वेडंवाकडं करून, लहान पोरासारख्या. "आता रडते हं. तेव्हा रडायचं राहिलं होतं. दुखत होता ना, म्हणून गेलाय असं वाटायचंच नाही."

ईश्वरीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. यावेळी ती काही म्हणाली नाही. तिच्याजवळ म्हणण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते तिने एकदा वापरून टाकलं होतं.

वर्षिणी कॉफीचे पेले घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. "अज्जी? काय झालं? दुखतं का?"

"नाही गं. थांबलं."

पोरीचा चेहरा उजळला. तिने पेले खिडकीत ठेवले, ईश्वरीचे दोन्ही हात धरले आणि शब्द न सापडून नुसतीच हसली. मग सगळ्यांना सांगायला बाहेर पळाली. ती सांगत सुटली असणार की डॉक्टरम्मांनी अज्जीला बरं केलं. ईश्वरीला तिला थांबवावंसं वाटलं, पण काय सांगून थांबवणार?

अंगुस्तान अजून तिच्या मुठीत होतं. तिने ते पुढे केलं. जानकीबाईंनी घेतलं नाही.

"तुमच्याकडे ठेवा. मी गेले की घालायला लागेल. या पोरींना आता हे कोण सांगणार, त्यांना मराठी पण धड येत नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "डाव्या बोटात घालायचं, लक्षात ठेवा. उजवं आता नाही. आणि ओलं करून."

ईश्वरीने मान हलवली. तिने ते पर्समध्ये टाकलं नाही, मुठीतच ठेवलं. मग चित्र परत लावायला उचललं. मोठी चौकट, जड काच, आणि एक मूठ मिटलेली. एकटीला ते खिळ्यापर्यंत नेता येईना. भिंतीशी तोल जायला लागला तेव्हा तिच्या डाव्या बाजूने एक सुरकुतलेला हात आला आणि त्याने चौकटीचा दुसरा कोपरा खालून उचलून धरला. ते सगळं वजन, इतकी वर्षं तिच्या हातावर बसलेलं, अर्धं झालं.

"लावा सावकाश," जानकीबाई म्हणाल्या. "मी आहे ना."